जोडवर्गात कोणाला कोणतं काम?

समजा, एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचा वर्ग एकत्र भरतो. पट अठ्ठावीस. तिसरीची सोळा मुलं, चौथीची बारा. बाईंनी फळ्याचे दोन भाग केले आहेत. डाव्या बाजूला तिसरीसाठी वजाबाकीची दहा उदाहरणं, उजव्या बाजूला चौथीसाठी भागाकाराची आठ. मुलं माना खाली घालून लिहीत आहेत. वर्ग शांत आहे. दारातून डोकावणाऱ्या केंद्रप्रमुखांना वाटेल, छान चाललंय!

आता आपण वह्यांमध्ये डोकावू. तिसरीतल्या चार जणांना ही वजाबाकी दुसरीतच यायला लागली होती. त्यांनी दहा उदाहरणं पाच-सहा मिनिटांत संपवली आणि आता ते समासात फुलं काढत बसले आहेत. तिघांची बहुतेक सगळी उत्तरं चुकली आहेत. चौथीतली दोन मुलं शेजारच्याची वही बघून उतरवत आहेत, कारण त्यांना वजाबाकीच अजून नीट येत नाही, मग भागाकार कुठून येणार?

फळ्यावर कामं दोन प्रकारची आहेत, पण वर्गात मुलं निदान पाच-सहा पायऱ्यांवर उभी आहेत. ज्यांना काम नेमकं हवं तसं मिळालं आहे, अशी मुलं निम्मीसुद्धा असतील की नाही, शंकाच आहे. दिलेलं काम आणि मुलाची तयारी यांची जुळणी कशी होते, ती का बिघडते, आणि एकाच शिक्षकाला ती सुधारता येईल का, हे या लेखात पाहायचं आहे.

इयत्ता नावाची सोय

एका वयाची मुलं एका खोलीत, सगळ्यांचं पुस्तक एक, सगळ्यांची परीक्षा एकाच दिवशी ही रचना आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की शाळा म्हणजे हेच असं वाटतं. प्रत्यक्षात ती फार जुनी नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत लहानमोठी मुलं एकत्र बसत. कोणी धूळपाटीवर अक्षरं गिरवत असे, कोणी पाढे म्हणत असे, तर कोणी पावकी-निमकी-दिडकीपर्यंत पोचलेला असे. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, हाही रिवाज होता. या शाळांत घोकंपट्टी भरपूर होती. मुलींना आणि कितीतरी जातींच्या मुलांना तिथे प्रवेशच नव्हता. तेव्हा त्यांचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण मूल जिथे असेल तिथून पुढे जायचं, ही गोष्ट तिथे आपोआप घडत असे.

मद्रासमधल्या एका अनाथाश्रमाच्या शाळेचं काम १७८९पासून पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी स्थानिक शाळांतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली. ती पद्धत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची व्यवस्था बसवली. १७९७ मध्ये त्यांनी त्याची हकिकत प्रसिद्ध केली आणि ती कल्पना इंग्लंडभर पसरली.

वयानुसार वेगळ्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला एक शिक्षक, ही व्यवस्था नंतर रुळली. अमेरिकेत बॉस्टनच्या क्विन्सी शाळेत ती १८४७ मध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये १८६२च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या सहा ठरावीक पायऱ्या नेमून दिल्या. वर्षातून एकदा परीक्षक येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि त्यावर शाळेचं अनुदान ठरणार. त्या पायऱ्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणत. आपण आजही ‘तिसरी स्टँडर्ड’ म्हणतो, तो हाच शब्द. म्हणजे इयत्ता ही मोजणीसाठी आणि कारभारासाठी केलेली सोय होती. मुलाच्या डोक्यात काय चाललं आहे याच्याशी तिचा संबंध सैलच होता.

हा संबंध किती सैल आहे ते ‘असर’ या पाहणीतून दिसतं. २०२४च्या पाहणीत भारताच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के होतं. म्हणजे पाचवीच्या वर्गात निम्म्याहून थोडी जास्त मुलं दुसरीचा मजकूर सहज वाचू शकत नाहीत, आणि उरलेली वाचतात. दोन्ही मुलं एकाच बाकावर, एकच पुस्तक उघडून बसलेली असतात. दिल्लीतल्या एका अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, सहावीतली मुलं गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे आढळली आणि एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर दिसलं.

तेव्हा एका अर्थी प्रत्येक वर्ग हा जोडवर्गच असतो. जोडवर्गात ही गोष्ट उघड असते आणि बाकीच्या वर्गांत झाकलेली, एवढाच फरक.

सोळा वर्गांची पाहणी

दिलेलं काम मुलाच्या तयारीशी जुळतं का, हे मोजायचं कसं? इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट, चार्ल्स डेस्फोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं. १९८४ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. सहा-सात वर्षांच्या मुलांचे सोळा वर्ग त्यांनी निवडले. शिक्षक अनुभवी आणि चांगले म्हणून नावाजलेले होते. पाहणी करणारे मुलांशेजारी बसत. शिक्षकांनी काय काम दिलं, मुलानं ते कसं केलं, हे टिपून घेत. काम संपल्यावर मुलाशी गप्पा मारत. हे कसं केलंस? यापेक्षा थोडं अवघड दिलं तर? यापेक्षा सोपं दिलं तर? त्यावरून ते काम त्या मुलाला सोपं होतं, अवघड होतं की बेताचं होतं, हे ठरवत.

भाषा आणि गणिताच्या कामांपैकी सुमारे ४० टक्केच कामं मुलांच्या तयारीशी जुळणारी निघाली. पुढे असलेल्या मुलांना मिळालेल्या कामांपैकी सुमारे ४१ टक्के त्यांच्या मानाने फार सोपी होती. मागे असलेल्या मुलांना मिळालेल्या कामांपैकी सुमारे ४४ टक्के फार अवघड होती. म्हणजे शिक्षक नकळत वर्गाच्या मध्याकडे पाहून काम देत होते.

त्याहून लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. काम फार अवघड झालं तर ते शिक्षकांच्या ध्यानात येत होतं, कारण मूल अडून बसे, विचारायला येई. काम फार सोपं झालं, तर मात्र ते एकाच्याही ध्यानात येत नव्हतं. मूल आनंदात असे, भराभर लिही, अक्षर नीटनेटकं असे. शिक्षक शाबासकी देत आणि तसलंच आणखी काम देत. अवघड कामात अडकलेल्या मुलांचीही मेहनत पाहून, त्यांनी पान भरलं म्हणून, कौतुक होई. शिक्षकांची नजर मूल काय लिहितं आहे यावर होती, ते कसं विचार करतं आहे यावर नव्हती. एवढी मुलं टेबलाभोवती रांग लावून उभी असताना दुसरं काही जमणंही कठीण होतं.

याच अभ्यासात कामांचे पाच प्रकार केले होते. काही कामांत नवं काहीतरी शिकायचं असतं. काहींत जे माहीत आहे त्याकडे नव्या नजरेनं पाहून त्याची पुन्हा जुळणी करायची असते. काहींत माहीत असलेली गोष्ट अनोळखी ठिकाणी वापरायची असते. चौथा प्रकार सरावाचा. पाचवा, पूर्वी शिकलेल्याच्या उजळणीचा. वर्गांत दिली जाणारी सुमारे तीन पंचमांश कामं नुसत्या सरावाची होती. पुन्हा जुळणी करायला लावणारी कामं शोधूनही क्वचितच सापडत होती. ही टक्केवारी इंग्लंडची आहे. पण आपल्या वर्गातल्या वह्यांचं आपण असंच वर्गीकरण करून पाहिलं तर?

पस्तीस उत्तर आलं, पण का?

आता सुरुवातीच्या वर्गातल्या, उत्तरं चुकलेल्या तीन मुलांकडे परत येऊ. एक उदाहरण होतं ५२ − २७. उत्तर २५ हवं. पहिल्या मुलीने ३५ लिहिलं. दुसऱ्या मुलानेही ३५ लिहिलं. बाईंनी दोघांच्या वहीत फुली मारली आणि दोघांना हातच्याची आणखी दहा उदाहरणं दिली.

पहिल्या मुलीला विचारलं तर ती सांगते, ‘‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.’’ ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. तिच्या लेखी ५२ ही एक संख्या नाही, शेजारी शेजारी बसलेले दोन अंक आहेत.

दुसरा मुलगा सांगतो, ‘‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक घेतला, बारा झाले. बारातून सात गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.’’ त्याला दशक सुटा करायचा हे कळलं आहे. पण पाचातला एक दशक काढला की तिथे चारच उरतात, हे लिहायचं तो विसरतो.

चुका अगदी वेगळ्या, उत्तर मात्र एकच. असं का व्हावं? एककाच्या घरातल्या ७ आणि २ यांच्यातला फरक ५ आहे. पहिलीला म्हणून ५ मिळाले. दुसऱ्याला १० मधून हा फरक वजा होऊन मिळाले, म्हणजे तेही ५च. फरक बरोबर पाच असला की या दोन चुका एकमेकींमागे लपतात. ८१ − ४६ दिलं तरी हेच होईल, दोघंही ४५ लिहितील. त्याऐवजी ६४ − ३८ देऊन पाहा. खरं उत्तर २६. पहिली मुलगी ३४ लिहील, दुसरा मुलगा ३६. आता वहीकडे नुसतं पाहूनच दोघांतला फरक कळेल. आणि ४७ − २३ दिलं तर दोघांचंही उत्तर बरोबर येईल आणि काहीच कळणार नाही. उदाहरण कोणतं निवडलं यावर शिक्षकाला काय दिसणार, हे ठरतं.

या दोघांना एकच काम देऊन चालेल का? दुसऱ्या मुलाला खरोखरच थोडा सराव हवा आहे. घेतलेला दशक खोडून चार लिहायची सवय झाली की त्याचं काम झालं. पहिल्या मुलीला सराव दिला तर तिची चूक आणखी पक्की होईल. तिला काड्यांचे गठ्ठे हवेत. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या घेऊन त्यातून सत्तावीस काड्या शेजारणीला द्यायच्या. गठ्ठा सोडल्याशिवाय ते जमणार नाही, हे हातांना कळलं की मग कागदावरचा हातचा कळेल. ५२ रुपयांतून २७ रुपये गेले तर किती राहिले, असं तोंडी विचारलं तर कदाचित ती पटकन ‘पंचवीस’ म्हणेल, कारण बाजारात ती आईसोबत जाते. मग तिला येणारी बाजारातली वजाबाकी आणि न येणारी वहीतली वजाबाकी यांची गाठ घालून देणं, हे शिक्षकाचं काम. वर म्हटलेली ‘पुन्हा जुळणी’ ती हीच.

तिसऱ्या मुलाची तऱ्हाच वेगळी. ‘बावन्नमधून सत्तावीस वजा कर’ असं सांगितल्यावर त्याने २५ − ७२ असं मांडलं. त्याला वजाबाकी येत नाही असं म्हणता येणार नाही, कारण तिथपर्यंत तो पोचलाच नाही. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना उलट. तोंडी भाषा वेगळी असलेल्या घरातल्या मुलांना तर एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द पाठच करावे लागतात. याच अडचणीसाठी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची जोड दिली होती. त्यावर वाद बराच झाला. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. या मुलाला हवं आहे ते संख्यावाचनाचं काम, वजाबाकीचं नव्हे.

तीन फुल्या, तीन कारणं आणि तीन वेगळी कामं.

मदत मिळाली तर कुठवर?

मुलाला आज काय येतं एवढं कळलं की त्याचं काम ठरवता येतं का? रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३०च्या सुमाराला यात एक महत्त्वाची भर घातली. ते म्हणाले, दोन मुलं घ्या. दोघंही एकट्याने आठ वर्षांच्या मुलाला जमतील एवढीच कोडी सोडवतात. आता दोघांना थोडी मदत करा, एखादी सूचना द्या, सुरुवात करून द्या. एक जण नऊ वर्षांच्या मुलाची कोडी सोडवू लागतो, दुसरा बारा वर्षांच्या मुलाची. मग ही दोन मुलं सारखी म्हणायची का? एकट्याने जमतं ते आणि मदतीने जमतं ते, यांच्यामधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. त्या पट्ट्याच्या अलीकडचं काम म्हणजे वेळ घालवणं आणि पलीकडचं काम म्हणजे छळ.

जोडवर्गाचा प्रश्न इथेच धारदार होतो. पस्तीस मिनिटांच्या तासात दोन इयत्ता असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसतरा मिनिटं येतात. उरलेली साडेसतरा मिनिटं मुलं शिक्षकाविना काम करतात. चार इयत्ता एकाच शिक्षकाकडे असतील, तर मुलांचा तीन चतुर्थांश वेळ असा जातो. एका इयत्तेच्या वर्गात काम चुकीचं दिलं गेलं, तर शिक्षक फिरता फिरता सावरून घेऊ शकतात. जोडवर्गात तेव्हा शिक्षकांची पाठ असते. म्हणून कामाची जुळणी जोडवर्गात जास्त महत्त्वाची ठरते.

जोडवर्ग ही काही लवकर संपणारी अडचण नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट साठपर्यंत असेल, तर दोन शिक्षक द्यायचे असतात. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेत कायदा पाळूनही जोडवर्ग राहणारच. मग मुलांचं नुकसान अटळच का? नेदरलंड्समधले सायमन फेनमन यांनी निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा १९९५ मध्ये घेतला. जोडवर्गातली मुलं आणि एका इयत्तेच्या वर्गातली मुलं यांच्या अभ्यासातल्या प्रगतीत त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. याचे दोन अर्थ निघतात. जोडवर्ग म्हणून मुलं मागे पडतात असं नाही. आणि नुसते वर्ग जोडल्यामुळे त्यांचा फायदाही होत नाही. फायदा हवा असेल तर आत काहीतरी बदलावं लागतं.

तीन वाटा

पहिली वाट आहे, दिवसातला काही वेळ इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करण्याची. ‘प्रथम’ या संस्थेने ही वाट चोखाळली. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला द्यायचं. अक्षरं येतात, शब्द येतात, परिच्छेद येतो की गोष्ट येते, एवढंच पाहायचं. याला प्रत्येकी काही मिनिटं पुरतात. मग रोज तासभर त्या त्या गटाला त्याच्या पायरीवरचं काम.

याच संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची तपासणी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत झाली. तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोन तास वेगळं बसवून त्यांच्या पायरीपासून शिकवत असे. या मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली. पण एक गोष्ट अनपेक्षित होती. ही मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता, तरी वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. म्हणजे गुण आला तो नुसती मुलं कमी झाल्यामुळे नव्हे, तर काम पायरीशी जुळल्यामुळे, असं मानायला जागा आहे. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्यात दिसलं. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. नंतर हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांतल्या नेहमीच्या शिक्षकांनी असाच तास घेतला आणि मुलांच्या वाचनात प्रगती झाली. मात्र त्यासाठी वेळापत्रकात तो तास खरोखर राखून ठेवावा लागला.

दुसरी वाट आहे शिडीची. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्रात पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने एकशिक्षकी शाळांसाठी ती तयार केली. पाठ्यपुस्तकाचे लहान लहान टप्पे करून त्यांची कार्डं केली. प्रत्येक कार्डावर चित्रखूण आणि क्रमांक. भिंतीवर शिडीचा तक्ता. मूल शिडीवर आपली जागा बघतं, त्या खुणेचं कार्ड उचलतं आणि कामाला लागतं. काही कार्डांना शिक्षकांची पूर्ण मदत लागते, काहींना थोडी, काही सोबत्यांच्या मदतीने करायची, काही एकट्याने. म्हणजे कामाच्या अवघडपणाबरोबर लागणाऱ्या मदतीचाही विचार आधीच केलेला आहे. एखादं मूल आठ दिवस आजारी पडलं किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलं, तर परत आल्यावर त्याची पायरी तिथेच त्याची वाट बघत असते. याच धर्तीवर २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत आणि नंतर तमिळनाडूभर काम झालं. दक्षिण अमेरिकेत कोलंबियामध्येही १९७०च्या दशकात खेड्यांतल्या बहुवर्ग शाळांसाठी ‘एस्कुएला नुएव्हा’ म्हणजे ‘नवी शाळा’ हा प्रयोग अशाच स्वयंअध्ययनाच्या पुस्तिकांवर उभा राहिला.

तिसऱ्या वाटेला कार्डं लागत नाहीत. विषय सगळ्यांना एकच, खोली वेगवेगळी. उदाहरणार्थ, मैदानात एक काठी उभी रोवा आणि तिची सावली तासातासाने पाहा. कोणी सावलीच्या टोकाला खडे ठेवेल आणि कोणती लांब, कोणती आखूड ते सांगेल. कोणी ती वितीने मोजेल, आणि तुझ्या आणि माझ्या विती सारख्या का येत नाहीत यावर भांडेल. कोणी पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजून तक्ता करेल. कोणी त्याचा आलेख काढेल आणि विचारेल, सावली सर्वांत आखूड बरोबर बारा वाजता का नाही होत? भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं आहे. मुंबई सुमारे त्र्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेनऊ अंशांना अडतीस मिनिटं. म्हणून मुंबईकडे सावली साधारण बारा-चाळीसच्या आसपास सर्वांत आखूड होते आणि नागपुरात सव्वाबाराच्या आसपास. वर्षभरात ही वेळ पंधराएक मिनिटं मागेपुढे सरकते. हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलांना हळूहळू जमू शकतो. गंमत अशी, की आलेख काढणारं मूल तिसरीतलं निघू शकतं आणि खडे ठेवणारं चौथीतलं. काम मुलांनी आपण होऊन निवडलं, तर शिक्षकाला त्यांची पायरी न विचारता कळते.

सांभाळण्याच्या गोष्टी

पातळीप्रमाणे काम देण्यात एक मोठा धोका आहे. आज ‘अक्षर’ गटात बसवलेलं मूल वर्षभर तिथेच बसून राहतं. गटांना गुलाब, मोगरा, झेंडू अशी नावं दिली तरी कोणता गट ‘ढ’ आहे हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं. आणि त्या गटात कोण असतं, ते नीट पाहिलं पाहिजे. घरी भिली, कातकरी, गोरमाटी बोलणारी, बऱ्याचदा गैरहजर असलेली, घरात वही उघडायला जागा नसलेली मुलं तिथे जमत असतील, तर आपण बुद्धी मोजत नसून परिस्थिती मोजत आहोत. अशा मुलांना वर्षभर सोपंच काम देत राहणं म्हणजे त्यांच्यापुढची दारं आपल्याच हाताने बंद करणं आहे.

म्हणून काही पथ्यं हवीत. भाषेचा गट आणि गणिताचा गट एकच नसावा. वाचनात अडणारं मूल तोंडी हिशेबात पुढे असू शकतं. गट दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलावेत. दिवसाचा काही वेळ गोष्ट, गाणी, प्रयोग, खेळ यांसाठी सगळ्यांनी मिसळून बसावं. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावं, कारण समजावून सांगताना स्वतःचंही पक्कं होतं. पण तीच चार हुशार मुलं रोज मास्तरकी करू लागली, तर त्यांना स्वतःला शिकायला वेळ कधी मिळणार? आणि मागच्या मुलांनाही कधीतरी शिकवण्याची संधी हवीच. चौथीतल्या ज्या मुलाला भागाकार येत नाही, त्याने पहिलीच्या मुलांना गठ्ठे बांधायला शिकवलं, तर त्याचाच दशक पक्का होईल आणि मानही राहील.

उद्या वर्गात

अठ्ठावीस मुलांसाठी रोज अठ्ठावीस कामं तयार करणं कोणालाच शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. एका वेळी तीन-चार प्रकारची कामं पुरतात. खरी अडचण आहे ती कोण कुठे आहे हे कळण्याची. त्यासाठी रोज फक्त दोन मुलांशेजारी पाच-पाच मिनिटं बसता येईल. उत्तर बरोबर असो वा चूक, ‘हे कसं केलंस?’ एवढंच विचारायचं आणि ऐकायचं. सुधारायची घाई करायची नाही. अठ्ठावीस मुलांची एक फेरी चौदा दिवसांत पूर्ण होते. शाळेच्या वर्षात अशा दहाहून जास्त फेऱ्या सहज होतील.

या दोन मुलांपैकी एक मूल नेहमी असं निवडा, ज्याच्या वहीत सगळी उत्तरं बरोबर आहेत. अडलेलं मूल आपल्यापर्यंत कसंबसं पोचतं. न अडता भराभर पुढे जाणारं, पण काहीच नवं न शिकणारं मूल कधीच तक्रार करत नाही. सोळा चांगल्या शिक्षकांच्या नजरेतून तेच निसटलं होतं.

आणखी एक करून पाहा. या आठवड्यात मुलांच्या वह्या घेऊन बसा आणि प्रत्येक कामापुढे एक खूण करा. हे नवं होतं, जुळणीचं होतं, वापरायचं होतं, सरावाचं होतं की उजळणीचं? शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनाही करायला सांगा, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत खुणा मोजून बघा. जुळणीच्या रकान्यात किती खुणा पडतात, यावर परिषदेत एक तास चांगली चर्चा होईल.